शाळेंतील चित्रकलेचा तास
(महोत्सवानिमित्त पालकांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहें. विषय मात्र मींच मागून घेतला. माध्यमिक शाळेंतील मुलामुलींना चित्रकला व संकल्पचित्र कां शिकवावें आणि कसें शिकवावें, हा तो विषय होय. महोत्सवाच्या व्यासपीठावर हा विषय कोणास किरकोळ वाटेल. परंतु आज सकाळीं ज्या मंदिरांत आपण पवित्र मिस्साबलि अर्पण केला, त्या मंदिरांत मनानें क्षणभर परत जा. वेदीवरील वस्त्राची किनार, मेणबत्त्यांचीं पितळी घरें, भिंतीवरील क्रुसाच्या वाटेचीं चौदा चित्रें, यांपैकीं प्रत्येक वस्तु कोणाच्या तरी डोळ्यानें आधीं पाहिली व कोणाच्या तरी हातानें मग घडविली. आपण त्या वस्तूंपुढें गुडघे टेकतों, आणि तो डोळा व तो हात यांना कोणीं शिकविलें असेल हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं.

हा विषय मीं तीस वर्षें शिकविला. त्या अवधींत एक प्रश्न मला इतक्या वेळां विचारण्यांत आला कीं, त्याचें उत्तर दिल्यावांचून मला येथून खालीं उतरतां येणार नाहीं. पालक येतात आणि म्हणतात, "सर, चित्रें काढून पोट भरतें का? त्यापेक्षां तो तास गणिताला द्या ना." हा प्रश्न कष्टानें पैसा मिळविणाऱ्या माणसाचा आहे, त्याचा उपहास करणें योग्य नव्हे. त्याचें उत्तर मी शेवटीं देईन. आधीं त्या तासांत काय घडतें तें सांगतों.

आपल्या प्रांतांत चित्रकलेचें पद्धतशीर शिक्षण सुरू झालें तें पोटाच्याच प्रश्नानें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीनें मुंबईस 1857 सालीं कलाशाळा निघाली. कारागिरांचा हात सुधारावा व त्यांच्या मालास मोल यावें, हा तिचा मूळ हेतु. 1865 सालीं तेथें जॉन लॉकवुड किपलिंग शिक्षक म्हणून आले. इंग्लंडांतील साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर नमुने समोर ठेवून गिरविण्याची शिस्त तेथें होती, आणि तीच शिस्त पुढें शाळांतून पसरली. आज कला संचालनालयाच्या वतीनें ज्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा घेतल्या जातात, त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन हे विषय असतात. आपल्यापैकीं पुष्कळांनीं या परीक्षा दिल्या असतील. विषय उत्तम निवडलेले आहेत. ज्यानें हे चारहि विषय मनापासून केले, त्याचें कांहींच वायां जाणार नाहीं. अडचण आहे ती मनापासून करण्याची.

प्रथम वस्तुचित्र घेऊं. वर्गांत मेजावर एक बादली ठेवा आणि आठवीच्या मुलांना ती काढावयास सांगा. बहुतेक मुलें बादलीचें तोंड पूर्ण वाटोळें काढतात आणि बूड मात्र पट्टी लावल्याप्रमाणें सरळ रेषेनें काढतात. असें कां व्हावें? तोंड वाटोळें असतें हें त्यांना ठाऊक आहे, आणि बादली सपाट मेजावर बसली आहे हेंहि ठाऊक आहे. त्यांनीं बादली पाहिलीच नाहीं. बादलीविषयीं जें मनांत घर करून बसलें होतें तें कागदावर उतरविलें. मग मी त्यांना सांगतों, एक डोळा मिटा, हात कोपरांत न वाकवितां पेन्सिल समोर धरा, अंगठ्यानें तोंडाची रुंदी मापा आणि तेंच माप उंचीशीं ताडून पाहा. थाळी हातांत घ्या व डोळ्याच्या पातळीस आणा. तिची नुसती रेघ होते. आतां ती हळूहळू खालीं न्या. ती रेघ उघडूं लागते व अधिकाधिक वाटोळी होत जाते. म्हणजे बादलीचें बूड हें तोंडापेक्षां खालीं असल्यामुळें तेथील बांक अधिक भरीव दिसला पाहिजे. ज्या क्षणीं हें मुलास उमजतें, त्या क्षणीं त्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो, तो पाहण्यासाठीं मनुष्यानें शिक्षक व्हावें.

आतां आपण विचाराल, बादलीच्या बांकाचा आणि धर्मग्रामाचा संबंध काय? मी म्हणतों, फार निकटचा संबंध आहे. खोटी साक्ष देऊं नको, ही आठवी आज्ञा आपण लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत पाठ केली. परंतु मनुष्य खोटी साक्ष नेहमींच लबाडीनें देत नाहीं. पुष्कळ वेळां तो न पाहतां देतो. शेजाऱ्याविषयीं, दुसऱ्या जातीच्या वा भाषेच्या माणसाविषयीं, सुनेविषयीं, सासूविषयीं आपण जें मनांत धरून बसलों आहों तेंच चित्र आपण काढतों, आणि समोरच्या माणसाकडे पाहण्याचे श्रम घेत नाहीं. ज्या मुलास एकदां कळलें कीं, मला ठाऊक आहे तें आणि मला दिसतें आहे तें एकच असतें असें नाहीं, त्याच्या हातीं जन्मभर पुरेल असें एक साधन आलें.

स्मरणचित्राची गत याहून वाईट आहे. बाजारांत तयार चित्रांचीं पुस्तकें मिळतात. मूल त्यांतील एक फुगेवाला किंवा एक भाजीबाजार वीस वेळां गिरवितें व परीक्षेंत तोच उतरवून येतें. ही कोणाची स्मृति झाली? आपल्या वसईच्या किनाऱ्यावरील मुलांना मीं 'माझा गांव' असा विषय दिला, तर अर्ध्या वर्गानें दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक नदी व एक झोपडी काढून ठेवली. ज्या मुलानें रोज संध्याकाळीं सूर्याला समुद्रांत बुडतांना पाहिलें, त्यानें तो डोंगरामधून उगवावा! केळीची वाडी नाहीं, विहीर नाहीं, होडीवरून उतरणारी मासळी नाहीं, गांवाच्या वेशीवरचा क्रूस नाहीं. मीं ते कागद परत दिले नाहींत; मुलांना घेऊन शाळेबाहेर पडलों व एक तास आम्ही नुसते चाललों. दुसऱ्या दिवशीं कागदावर क्रूस आला, त्याच्या पायथ्याशीं वितळून गेलेलें मेण आलें, आणि पलीकडे वाळत घातलेल्या जाळ्या आल्या.

आतां मी माझ्याच एका अपराधाची गोष्ट सांगतों. ती सांगितल्याशिवाय हें व्याख्यान प्रामाणिक होणार नाहीं.

नववींतील एका मुलानें आपल्या आजीचें चित्र काढलें. आजी खाटेवर बसून रोझरी म्हणत होती. चेहरा बेताचा साधला होता. परंतु हात फार मोठे झाले होते, जवळजवळ चेहऱ्याच्या दुप्पट. चित्र प्रदर्शनांत पाठवावयाचें होतें. मीं त्याच्या हातांतून पेन्सिल घेतली, ते हात खोडून टाकले आणि प्रमाणशुद्ध असे नवे हात काढून दिले. चित्रास बक्षीस मिळालें. मीं आनंदानें तें त्याच्या हातीं ठेवलें, तेव्हां तो मुलगा शांतपणें म्हणाला, "सर, हें बक्षीस तुमचें आहे." तो उद्धट नव्हता, खरें तेंच बोलला. त्यानंतर तो माझ्या तासाला येत असे, सांगितलें तेवढें करीत असे. परंतु मनापासून त्यानें पुन्हां कांहीं काढल्याचें मला स्मरत नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं माझ्या ध्यानांत आलें. रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत आजीच्या मांडीशीं बसून तो मुलगा काय पाहत होता? तिचे हात. मण्यांवरून पुढें सरकणारे, शिरा दिसणारे, कष्टांनीं जाड झालेले ते हात. त्याच्या दृष्टीला तेच सर्वांत मोठे होते. व्हिक्टर लोवेनफेल्ड नांवाच्या शिक्षणशास्त्रज्ञानें व्हिएन्नांत अंध मुलांना शिकवितांना आणि पुढें अमेरिकेंत हेंच लिहून ठेवलें आहे: मुलाला जें महत्त्वाचें वाटतें तें तो मोठें करितो. त्याचें हें पुस्तक 1947 सालीं निघालें. व्हिएन्नांतच फ्रान्झ चिझेक यांनीं 1897 सालीं मुलांचा चित्रवर्ग सुरू केला होता, आणि मोठ्यांचें अनुकरण लादल्यावांचून मुलांना वाढूं द्यावें, हें त्यांचें धोरण होतें. हीं माणसें मीं वाचलीं होतीं; परंतु वाचणें निराळें आणि हातांतील खोडरबर खालीं ठेवणें निराळें.

कोणी म्हणेल, मग बादली चुकली आणि हात बरोबर, हा कोणता न्याय? हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. बादलीची चूक ही न पाहिल्यामुळें झाली होती. हात मोठे झाले ते फार पाहिल्यामुळें. एक आळसाची चूक, दुसरी मायेची. पहिली सुधारावी, दुसरीपुढें शिक्षकानें थांबावें. या दोहोंतील भेद ओळखणें हीच आमच्या धंद्याची खरी परीक्षा होय, आणि त्या परीक्षेंत मी त्या दिवशीं नापास झालों. तेव्हांपासून मीं एक नियम केला. मुलाच्या कागदास मी हात लावीत नाहीं. कांहीं दाखवावयाचें झाल्यास शेजारीं दुसऱ्या चिठोऱ्यावर दाखवितों. घ्यावें कीं न घ्यावें हें तो ठरवितो. आणि दोष सांगण्यापूर्वीं विचारतों, "हें असें कां काढलेंस?" बारा-तेरा वर्षांचें वय मोठें नाजूक असतें. तोंवर बिनधास्त रेघोट्या ओढणारें मूल या वयांत एकाएकीं स्वतःच्या चित्राकडे मोठ्यांच्या नजरेनें पाहूं लागतें व "मला येत नाहीं" असें म्हणून कागद झांकून घेतें. त्या वेळीं कोणीं हंसलें अथवा कोणीं पेन्सिल हिसकावून घेतली, तर तें दार कायमचें बंद होतें. आपणांपैकीं किती जणांचें तें याच वयांत बंद झालें असेल बरें?

आतां संकल्पचित्राविषयीं थोडें बोलतों. पुष्कळांची समजूत अशी कीं, संकल्पचित्र म्हणजे चौकोनांत वेलबुट्टी भरणें. तें तसें नव्हे. एखादी वस्तु कोणासाठीं, कशाची, कोणत्या उपयोगाची करावयाची आहे याचा आधीं विचार करणें, हें संकल्पन. नाताळचा तारा घ्या. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद व खळ, एवढेंच सामान. पांच टोकें सारखीं यावयाचीं तर वर्तुळाच्या 360 अंशांचे पांच भाग करावे लागतात, प्रत्येक भाग 72 अंशांचा. येथें भूमितीचा धडा आपोआप होतो. दोन सांगाडे एकमेकांवर बांधून आंतील पांच सांध्यांत आडव्या काड्या ताणून बसविल्या म्हणजे ताऱ्यास पोट येतें. एके वर्षीं आमच्या मुलांनीं फार देखणा तारा केला व नाताळच्या पूर्वसंध्येस देवळाच्या दारावर चढविला. मध्यरात्रीच्या मिस्सापूर्वीं आंतील दिवा गेला, आणि पाहतात तों दिवा बदलण्यास हात आंत घालावयाला जागाच ठेवलेली नव्हती! कागद फाडावा लागला. मुलें हिरमुसलीं, परंतु संकल्पनाचा तो धडा तीं जन्मांत विसरणार नाहींत. जी वस्तु आपण करतों ती वापरणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार करणें, हें शेजाऱ्यावरील प्रेमाचेंच एक रूप नव्हे काय?

आपल्याच पालघर जिल्ह्यांतील वारली बंधुभगिनींचें उदाहरण पाहा. गेरूनें सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. त्रिकोण, वर्तुळ व रेघ. एवढ्या सामग्रींत त्यांनीं शेत, नाच, लग्न, अवघें जग मांडलें. लग्नाचा चौक काढण्याचा मान त्यांच्यांत सुवासिनींचा असतो. त्याच परंपरेंतून आलेल्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 सालीं पद्मश्री मिळाली. 2018 सालीं ते निवर्तले. आमचीं मुलें आतां वारली माणसें वहीच्या कोपऱ्यांत सर्रास काढतात. मी त्यांना सांगतों, आकृति उसनी घेऊं नका, रीत घ्या. आणि ही कोणाची ठेव आहे हें नांव घेऊन सांगा. थोड्या साधनांत पुष्कळ सांगण्याची ती रीत आपल्या गरीब विद्यार्थ्यालाहि परवडणारी आहे. महागडे रंग नसले म्हणून कोळसा, गेरू व वर्तमानपत्राचा कागद यांवर कोणाचा हात अडत नाहीं.

आपल्या ख्रिस्ती समाजांत कलावंत झालेच नाहींत असेंहि नाहीं. गोव्यांतील सांगें येथें 1870 सालीं जन्मलेले आंतोनियु शाविएर त्रिंदाद हे मुंबईच्या कलाशाळेंत शिकले व तेथेंच शिकवूं लागले. तैलरंगांतील त्यांचीं व्यक्तिचित्रें आजहि पाहणाऱ्यास खिळवून ठेवतात. आंजेलो द फोन्सेका हे 1902 सालीं गोव्यांतच जन्मले. ते बंगालमध्यें अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या छायेंत शिकले आणि त्यांनीं पवित्र मारियेला साडी नेसविली. आज आपणांस त्यांत नवल वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं आपल्याच लोकांनीं त्यांस बोल लाविला, आणि त्यांना गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत आसरा घ्यावा लागला. 1967 सालीं त्यांचें देहावसान झालें. देवमातेचें चित्र पाहतांना तिच्या ठिकाणीं आपल्या आईचा चेहरा दिसावा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. आजीचे हात मोठे काढणारा माझा विद्यार्थी आणि फोन्सेका यांच्यांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. दोघांनींहि जवळच्या माणसांत पवित्र तें पाहिलें, आणि दोघांचेंहि चित्र दुरुस्त करावयास कोणी तरी पुढें आलें.

पवित्र शास्त्रांत पाहा. निर्गमाच्या पुस्तकांत बसालेलाची कथा आहे. सोनें, रुपें, तांबें, रत्नें व लांकूड यांवर काम करण्याचें कसब त्याला देवाच्या आत्म्यानें दिलें असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे पवित्र आत्म्याचें दान जसें वाणीवर उतरतें तसें तें हातावरहि उतरतें. आपला प्रभु स्वतः एका सुताराच्या घरीं वाढला. रंगांतून सुवार्ता सांगणाऱ्या फ्रा आंजेलिको या संन्याशाला पोप दुसरे जॉन पॉल यांनीं 1982 सालीं धन्य म्हणून गौरविलें, आणि 1999 सालीं त्याच पोपमहाशयांनीं जगांतील कलावंतांस एक पत्र लिहिलें. ख्रिस्तसभा कलेला शोभेची वस्तु मानीत नाहीं, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आतां त्या पालकाच्या प्रश्नाकडे येतों. चित्रें काढून पोट भरतें का? कांहींचें भरतें. मुंबईची कलाशाळा आहे, अहमदाबादेस 1961 पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. छपाई, वस्त्र, इमारत, फर्निचर, चलच्चित्र, सर्वत्र संकल्पकाची गरज असते. परंतु मी आपणांस फसविणार नाहीं: चाळीस मुलांच्या वर्गांतून चित्रकार होणारें एखादेंच, तेंहि कधीं नसतें. हा तास बाकीच्या एकोणचाळिसांसाठीं आहे. त्यांतील कोणी परिचारिका होईल व रोग्याचा उतरलेला चेहरा तिला वेळींच दिसेल. कोणी गवंडी होईल व त्याच्या भिंतीची रेघ वांकडी जाणार नाहीं. कोणी धर्मगुरु होईल, कोणी आई होईल. पोट भाकरीनें भरतें हें खरें. परंतु मनुष्य केवळ भाकरीनें जगत नाहीं हें आपणांस मीं सांगावें असें नाहीं. शासनाच्या 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि कला व विज्ञान यांच्यामध्यें भिंत नसावी असेंच म्हटलें आहे. तरी कागदावरचें धोरण वेळापत्रकांत उतरविणें आपल्या हातीं आहे.

म्हणून या महोत्सवाच्या दिवशीं मी आपणांजवळ तीन गोष्टी मागतों. पहिली, परीक्षा जवळ आली म्हणजे चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयास देण्याची जी वहिवाट पडली आहे, ती आपण पालकांनींच थांबवावी. शिक्षकाचा एकट्याचा आवाज तेथें पुरा पडत नाहीं. दुसरी, मुलाचें चित्र त्याचेंच असूं द्यावें. शेजारच्या दादाकडून काढून आणलेल्या चित्रास मिळालेली श्रेणी ही खोटी साक्षच होय. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे. आज घरीं गेल्यावर मुलाची चित्रवही मागून घ्या. "गुण किती?" असें विचारूं नका. "येथें तूं काय पाहिलेंस?" असें विचारा, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐका.

ज्या आजीचे हात मीं खोडले ती आतां देवाघरीं गेली आहे. तो मुलगा कोठें असेल तेथें त्याला देव सुखी ठेवो. हें व्याख्यान छापून त्याच्या हातीं पडलें, तर त्याला एवढेंच कळावें कीं, त्याच्या आजीचे हात तेवढेच मोठे होते, आणि हें मला फार उशीरां दिसलें.

प्रभु येशू आपणां सर्वांस पाहणारे डोळे देवो, आणि आपल्या मुलांच्या हातांवर त्याचा आशीर्वाद असो.